पायांच्या फोटोपलीकडे: नाशिक परिसरातल्या कष्टकऱ्यांचं रोजचं जगणं कॅमेऱ्यात कसं नोंदवावं

मार्च २०१८ मध्ये किसान लाँग मार्च नाशिकहून निघाला. ६ तारखेला निघालेली माणसं १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचली, आणि त्या आठवड्यात सगळीकडे फिरले ते पायांचे फोटो. सोललेले तळवे, फोड, तुटलेल्या चपला. त्या फोटोंनी शहरातल्या माणसांच्या काळजाला हात घातला, यात शंका नाही. पण चालणाऱ्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि त्यांची एक मुख्य मागणी होती ती २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनीच्या हक्काची. तो दावा, त्याची फाइल, तो उताराचा तुकडा आणि त्यावर पिकणारी नागली हे सगळं पायांइतकं कुणाच्या नजरेत भरलं नाही.

ज्यांना अशा माणसांचं जगणं फोटोत किंवा छोट्या माहितीपटात नोंदवायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं सांगणं एवढंच, की माणसाचं काम धरा आणि त्या कामामागचा व्यवहार धरा. हाल त्यात आपोआप दिसतात, वेगळे शोधत फिरावं लागत नाही. व्यवहार दिसायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं. पुढचं सगळं त्या जाण्यायेण्याबद्दल आहे.

विषय लहान करा

‘आदिवासींचं जीवन’ किंवा ‘शहरातले गरीब’ हा विषय होत नाही. एक काम, एक जागा आणि एक हंगाम ठरवा. लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव सगळेच दाखवतात. लिलाव झाल्यावर तोच कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे बायका दिवसभर बसून माल निवडतात, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढतात, गोण्या भरल्या-शिवल्या जातात आणि हमाल ट्रक भरतात. त्या खळ्यावरचा एक दिवस हा विषय आहे. मालेगावातल्या यंत्रमागाची रात्रपाळी हा विषय आहे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एकच कुटुंब माल कुठून आणतं, कुठे बसतं आणि उरलेल्या मालाचं काय करतं, हाही विषय आहे.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो: पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या टोळ्या. बाकी कुठल्याही कामाला हीच पद्धत थोडीफार फिरवून लावता येते.

कॅमेऱ्याआधी कॅलेंडर

वहीच्या एका पानावर कामाचं वर्ष मांडा. बागेत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, जिला सगळे ऑक्टोबर छाटणी म्हणतात. मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी आणि साधारण जानेवारीपासून काढणी. हे झालं मालकाचं वर्ष. त्याच्या शेजारी मजुरांचं वर्ष मांडा: उन्हाळ्यात राब भाजणं (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं), पावसाळा लागला की भाताची आवणी म्हणजे लावणी, मग नागली-वरईची कामं, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि ती उरकली की बागांकडे निघणं. होळीला पाड्यावर परतायचं असतं, मग बागेत काढणी कितीही जोरात असो.

ही दोन वर्षं शेजारी ठेवली की फिल्मचा सांगाडा समोर येतो. द्राक्ष तोडणारी बाई तुम्ही फक्त बागेत टिपलीत तर ती ‘मजूर’ एवढीच राहते. तीच बाई जुलैत गुडघाभर चिखलात स्वतःच्या खाचरात आवणी करताना दिसली, की ती शेतकरी आहे हे सांगायला निवेदन लागत नाही. म्हणून किमान दोन हंगाम आणि दोन जागा तरी धरा. धुंडिराज गोविंद फाळके आपल्याच त्र्यंबकचे. पहिला चित्रपट काढण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून तिची छोटी फिल्म केली होती. नाशिकच्या कॅमेरावाल्यांनी धीर धरायचा म्हटलं तर घरातलाच दाखला आहे.

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीत

टोळीशी ओळख बहुतेक वेळा मुकादमामार्फत किंवा बागमालकामार्फत होते. तिथेच सावध राहायला हवं. मालकाने ‘काढा की, कोण नाही म्हणतंय’ म्हटलं की ती बागेत शिरायची परवानगी झाली. मजुरांच्या चेहऱ्यावर तुमचा हक्क त्याने लागत नाही. टोळीने हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असेल, तर मालकासमोर किंवा मुकादमासमोर कुणी तुम्हाला नाही म्हणणार नाही. त्या होकाराला काही किंमत नाही. संध्याकाळी टोळी उतरलेली असते तिथे जा, चूल पेटलेली असते त्या वेळी बसा आणि मग विचारा. बायकांशी बोलायला शक्यतो सोबत बाई असावी.

कुठे दाखवणार, कशासाठी काढताय, पैसे मिळणार आहेत का, तुम्हाला कोण पाठवतंय, हे प्रश्न ते विचारतीलच. नाही विचारले तर आपणहून सांगा. माणसं कोकणी, डांगी वळणाचं बोलत असतील, कळवण-सटाण्याकडची असतील तर अहिराणी, मालेगावात उर्दू. तुम्हाला ती बोली येत नसेल तर त्याच पाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, तिला दिवसाची मजुरी द्या आणि श्रेयनामावलीत तिचं नाव टाका.

संमती: अंगठ्यापेक्षा आवाज बरा

छापील फॉर्मवर सही-अंगठा घ्यायची शहरी पद्धत इथे नीट चालत नाही. कागदावर अंगठा म्हणजे जमीन, कर्ज किंवा उचल, हा अनुभव पिढ्यांचा आहे. माणूस घाबरतो किंवा न समजता अंगठा देतो. त्यापेक्षा संमती कॅमेऱ्यावर, त्याच्या बोलीत, प्रश्नोत्तरांनी घ्या. मी साधारण असं बोलतो:

‘मावशी, मी तुमचं बागेतलं काम आणि घरचं काम याची फिल्म करतोय. ती आधी तुमच्या पाड्यावर दाखवीन, मग नाशकात, मग बाहेर आणि मोबाइलवरही येईल. मोबाइलवर आली की तुमचा मालक, तुमचे नातेवाईक कुणीही बघू शकतील. तुमचं नाव लिहू का? कोणतं लिहू? चेहरा दाखवू का? आज हो म्हणालात आणि पुढे नको वाटलं तर फिल्म पुरी होईपर्यंत कधीही सांगा, मी काढून टाकीन.’

यातलं ‘मालक बघेल’ हे वाक्य गाळू नका. खरी संमती तिथेच ठरते. मजुरीबद्दल, बुडवलेल्या पैशांबद्दल बोललेलं दाखवायचं असेल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा, त्या दिवशी, त्या बोलण्यापुरता विचारा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे फोटोचा हक्क सहसा तुमच्याकडेच राहतो, फोटोतल्या माणसाच्या हाती फारसं काही नसतं. म्हणून तुमचा शब्द कुठेतरी नोंदलेला असला पाहिजे. तुमचा फोन नंबर असलेली चिठ्ठी प्रत्येक घरात ठेवून या.

कायद्याच्या काही रेषा पक्क्या आहेत. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आहे. नाव, शाळा, गाव, चेहरा, ओळख पटेल असं काहीही नको. बांधावरच्या झोळीत निजलेलं बाळ आईच्या संमतीने टिपता येईल. काम करणाऱ्या मुलाचा चेहरा कुठल्याही कारणासाठी दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे. हात, पाठ आणि सावली यांतून तेवढंच सांगता येतं.

सफाई कामगारांसोबत काम करणार असाल तर आणखी एक जपा. हाताने मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाचा फोटो हा ठेकेदाराविरुद्धचा पुरावा असतो, पण नोकरी जाते त्या माणसाची. तो फोटो कधी आणि चेहऱ्यासकट छापायचा की नाही, हे त्याने ठरवायचं. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं काम कॅमेऱ्यात टिपलं. ते जरूर पाहा.

जागांचंही भान ठेवा. देवळालीचा तोफखान्याचा परिसर, नाशिकरोडचा नोटा छापण्याचा कारखाना, ओझरचं विमान कारखान्याचं आवार इथे कॅमेरा काढू नका. ड्रोन तर या पट्ट्यात परवानगीचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवूच नका. तसंही अशा विषयात ड्रोनने फारसं काही हाती लागत नाही. वरून माणसं मुंग्यांएवढी दिसतात.

साधनं: पैसे आधी आवाजावर

बरा मोबाइल पुरतो. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स लावा. झूम घेऊन लांबून टिपलेल्या फोटोत लांबूनच बघणारा माणूस दिसतो. जवळ जाता येत नसेल तर अजून ओळख पुरेशी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिला खर्च माइकवर करा. कॉलरला लावायचा माइक, त्याला वारा अडवणारं केसाळ कव्हर आणि हेडफोन. चित्र थोडं हललं तरी लोक बघतात. बोलणं ऐकू आलं नाही की उठून जातात. आवाज ४८ किलोहर्ट्झवर नोंदवा, व्हिडिओ २५ फ्रेमवर आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्याशी न जुळणारा शटर ठेवला तर ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रात पट्टे फिरतात. यंत्रमागाच्या कारखान्यात किंवा खळ्यावर रात्री हे हमखास होतं.

त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात जाणार असाल तर झिपची पिशवी, सिलिका जेलच्या पुड्या आणि कोरडं फडकं एवढं पुरे. बॅटरी मात्र जास्तीची हवी. चार्जिंगसाठी कुणाच्या घरातला एकुलता प्लग अडवू नका.

बागेत काय आणि कसं टिपायचं

द्राक्षाच्या मांडवाखालचा उजेड फसवा असतो. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाने चेहरे हिरवे पडतात आणि दोन ओळींमधलं आभाळ मात्र पांढरंफटक असतं. मोबाइल आपोआप आभाळाकडे झुकतो आणि सावळे चेहरे काळे होतात. बोट चेहऱ्यावर दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, व्हाइट बॅलन्सही लॉक करा. आभाळ जळालं तरी चालेल. सावळी कातडी उजळ करून दाखवायच्या फिल्टरला हात लावू नका.

मग एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. विरळणीचं घ्या. घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. बाई मांडवाखाली उभी, मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर. एका हाताने घड हलकेच फिरवते, दुसऱ्या हातातली कात्री मण्यांच्या मध्ये शिरते, बारीक मणी पायाशी पडतात. घड झाला की पाऊल सरकत नाही, आधी शेजारचा घड. पूर्ण वेल झाली की एक पाऊल. डिपिंगच्या वेळी तेच हात, फक्त कात्रीच्या जागी औषधाचा मग, आणि प्रत्येक घड त्यात बुडवताना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणारं पाणी. कॅमेरा तिच्या खांद्याच्या उंचीवर ठेवून हे सलग दोन-तीन मिनिटं न थांबता टिपा. हात किती वेळ वर राहतात ते बघणाऱ्याला स्वतःच्या खांद्यात जाणवलं पाहिजे. त्यासाठी संकलनात कापायचा मोह होईल असा लांब शॉट हवाच.

त्यानंतर रुंद, मध्यम आणि जवळचे शॉट घ्या. बाग आणि तिच्यात टोळी, दोघी-तिघी बोलताना, मग हात, कात्री, पायाखालचे मणी. मधल्या सुट्टीतला डबा, पाण्याचा ड्रम आणि तो कुणी भरला तेही.

आणि व्यवहार. मुकादमाची हजेरीची वही, त्यातल्या उभ्या रेघा, खाडे. आठवड्याचा हिशोब होतो ती संध्याकाळ. किराण्याच्या दुकानातली उधारी. पाड्यावर ठेवलेली वनहक्काच्या दाव्याची फाइल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला टांगलेली. कागद टिपताना आधार क्रमांक, खाते क्रमांक झाका. ही चित्रं दिसायला सुंदर नसतात, त्यामुळे बहुतेक जण ती काढतच नाहीत. माझ्या मते फिल्मचा कणा तीच आहेत.

शहरातल्या मजूर नाक्यावर पहाटे जाणार असाल तर तिथे टिपण्यासारखी गोष्ट म्हणजे वाट बघणं. थापी, फावडं, घमेलं घेऊन उभी माणसं, गाडी थांबली की तिच्याभोवती होणारी झुंबड, भाव ठरणं आणि नऊ-दहा वाजता काम न मिळालेल्यांचं निघून जाणं. उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ ३२०० पर्यंत चढवा आणि फोटोला शटर १/१२५ च्या खाली आणू नका. दाणे दिसले तरी हरकत नाही. फ्लॅश नको.

बोहाडा (मुखवटे घालून होणारा उत्सव), पावरी या वाद्यावरचा नाच असे प्रसंग डोळ्यांत भरतात. टिपा, पण कामाच्या बरोबरीने. नाहीतर पाडा म्हणजे मुखवटे आणि बाग म्हणजे घाम, अशी वाटणी होऊन बसते. पावरी वाजवणाऱ्याचं, गाणाऱ्या बाईचं नाव श्रेयात द्या आणि तो आवाज दुसऱ्या कुठल्या फिल्मला विचारल्याशिवाय लावू नका.

बोलतं कसं करायचं

‘तुम्हाला कसं वाटतं?’ या प्रश्नाला ‘काय वाटणार, पोटासाठी करायचं’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा. काल रात्री भाकरी कुणी केल्या? या वर्षी उचल किती घेतली, कशाला लागली? घरी म्हातारीपाशी कोण आहे? मागच्या वर्षी कोणत्या बागेत होता, तिथे परत का नाही गेलात? नेमक्या प्रश्नाला माणूस गोष्ट सांगतो, आणि भावना त्या गोष्टीत असतेच.

उत्तर संपलं असं वाटलं तरी थोडा वेळ गप्प राहा. खरं बोलणं बऱ्याचदा त्यानंतर येतं. फवारणीचा ट्रॅक्टर जवळ चालू असेल तर थांबा. निघताना त्या जागेचा एक मिनिटाचा नुसता आवाज टिपून ठेवा, संकलनात जोड झाकायला लागतो. बोलता बोलता कुणाला रडू आलं तर कॅमेरा खाली घ्या. पुढे बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

पैशाबद्दल मतभेद आहेत. मी असं करतो: मुलाखतीसाठी कुणाचा कामाचा वेळ घेतला तर त्या दिवसाचा चालू रोज देतो, सगळ्यांना सारखा. तो मोडलेल्या वेळेचा असतो. अमुक बोला म्हणून कधीच देत नाही.

त्याच रात्री

कार्ड रिकामं करा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. ५० एमबीपीएसवर टिपलेला तासाभराचा व्हिडिओ साधारण २२ जीबी होतो, त्या हिशोबाने ड्राइव्ह घ्या. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, मग गाव, मग काम.

फोटोखालच्या ओळी त्याच रात्री लिहा: नाव (त्यांनी सांगितलं तसंच), पाडा, तालुका, काम, त्या दिवसाचा रोज. ‘गरीब मजूर महिला’ असं लिहिलेली ओळ दहा वर्षांनी कुणाच्याच उपयोगाची नसते. रोजाचा आकडा, बागेचा हंगाम आणि तारीख लिहिली तर तो फोटो इतिहासाचं साधन होतो. जमातीचं नाव तेच स्वतःला काय म्हणतात ते विचारून लिहा. सगळे ‘आदिवासी’ या एका शब्दात ढकलू नका.

संकलन

आधी कागदावर. सगळं बोलणं बोलीतच उतरवून घ्या, छापून काढा, कात्रीने कापून जमिनीवर मांडा. क्रम लागला की मग संगणकाला हात लावा. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. पहिली फिल्म दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. फोटोकथा असेल तर पंधरा-वीस फोटो.

करुण बासरी लावू नका. बागेत कात्र्यांचा आवाज असतो, पाड्यावर जात्याचा, पावसाचा, कोंबड्यांचा. तो असताना वरून लावलेलं संगीत बघणाऱ्याला कसं वाटून घ्यायचं ते शिकवायला लागतं. बोलीचं प्रमाण मराठीत डबिंग करू नका. खाली साध्या मराठीत ओळी द्या आणि त्या लिहिताना पाड्यावरच्या सोबतिणीला शेजारी बसवा.

पहिला खेळ पाड्यावर

फिल्म पक्की करण्याआधी ती पाड्यावर दाखवा. प्रोजेक्टर, पांढरी चादर, बरा स्पीकर आणि वीज गेली तर चालेल असा इन्व्हर्टर. बागांचा हंगाम संपून सगळे परतलेले असतात, पण आवणी लागलेली नसते, असे दिवस निवडा. फोटोंच्या छापील प्रती घरोघर द्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो मोबाइल बिघडला की जातो. भिंतीवरचा राहतो.

बघताना लोक काय म्हणतात ते नोंदवा. ‘हा हिशोब चुकीचा सांगितलाय’, ‘हे माझं बोलणं काढ’, ‘आमच्या विहिरीचं दाखवलंच नाही’. पहिली चूक दुरुस्त करा, दुसरं काढा, तिसऱ्यासाठी पुन्हा जा.

मग नाशकात एखाद्या वाचनालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवा आणि टोळीतल्या कुणाला तरी बोलायला बोलवा, जाण्यायेण्याचं भाडं आणि रोज देऊन. माहितीपटांसाठी मुंबईत दर दोन वर्षांनी होणारा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आणि तिरुवनंतपुरमला भरणारा केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव हे दोन दरवाजे नव्या माणसानेही ठोठावण्यासारखे आहेत. चित्रपटगृहात किंवा तशा जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, महोत्सव आपल्यापुरती सूट मिळवतात. फोटोकथा असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे संकेतस्थळ जरूर पाहा. ऑगस्ट २०२५ पासून तिथे नवं काही येत नाही, पण ग्रामीण माणसांच्या कामावरचं आधीचं लेखन मराठीतही वाचता येतं.

ऑनलाइन टाकण्याआधी एक ठरवून ठेवा: नंतर कुणी ‘काढ’ म्हणालं तर काय करायचं. फिल्म पुरी झाल्यावर तुम्ही शब्दाने बांधलेले नसता, पण कारण खरं असेल तर तेवढा भाग झाकून नवी प्रत चढवा आणि जुनी काढा. म्हणून संकलनाचा मूळ प्रकल्प आणि सगळं कच्चं साहित्य फिल्म झाल्यावरही पुसू नका. दरवर्षी ड्राइव्ह जोडून फाइली उघडतात का ते पाहा. आणि एक पूर्ण प्रत, फोटोंच्या ओळींसकट, पाड्यावरच्या शाळेत किंवा लोक सांगतील त्या माणसाकडे ठेवा. तिच्यातलं काय कुणाला द्यायचं, हे त्यांनी ठरवावं.